काय भाव गेला?

पिंपळगाव बसवंतच्या एसटी स्टँडवर अनोळखी माणसाशेजारी पाच मिनिटं बसलात, तर तुमची निम्मी कुंडली त्याच्या हाती जाते. कुठले तुम्ही? इकडे कुणाकडे? शेती किती? बाग आहे का कांदा? पोरं काय करतात? बाजार समितीच्या आवारात तर दिवस प्रश्नांवरच उगवतो. टोमॅटोच्या हंगामात क्रेट रिकामे करून एखादी पिकअप फाटकातून बाहेर पडत असते. आत येणारा काच खाली करून आधी विचारतो, "काय भाव गेला?" नमस्कार-चमत्कार मागाहून. निफाड तालुक्यातल्या माणसाला विचारायची लाज नाही.

याच माणसांची मुलं इंग्रजीच्या तासाला मात्र मुकी होतात. या भागात मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. उत्तर द्या म्हटलं तर देतात, चूक का बरोबर ते सोडा. "आता तुम्ही मला काहीतरी विचारा," म्हटलं की सगळ्या माना वहीत. एखाद्याने धीर केलाच तर "व्हॉट यू आर डूइंग?", "व्हेअर यू लिव्ह?", फार तर "व्हेअर डिड यू वेंट?" महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी पाचवीपासून होतं. दहावीला पोचेपर्यंत दहा वर्षं इंग्रजी ऐकलेलं मूल साधा प्रश्न सरळ विचारू शकत नाही, आणि आपण म्हणतो, लक्ष नाही पोरांचं. माझं मत वेगळं आहे. ही मुलं मराठीच्या शिस्तीने चुकतात. ती शिस्त शिकवणाऱ्याला माहीत असेल तर अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं व्याकरणात नाही. त्याकडे शेवटी येतो.

आधी चांगली बातमी. कोण, काय, कुठे, केव्हा, कसा, किती, का: मराठीचे प्रश्न 'क'ने सुरू होतात. इंग्रजीचे, एक 'हाऊ' सोडला तर, लिहिताना 'डब्ल्यू-एच'ने. वरवर नातं दिसत नाही, पण आहे, आणि सख्खं आहे. संस्कृतातला 'कः', लॅटिनमधला 'क्विस' आणि इंग्रजीतला 'हू' एकाच मूळ ध्वनीची लेकरं. इंग्रजी ज्या जर्मानिक शाखेतली, तिच्यात मूळचा 'क' घासून 'ह' झाला. हा बदल १८२२ साली याकोब ग्रिमने नियमात बसवला. परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांतला थोरला तो हाच. जुन्या इंग्रजीत 'व्हॉट'चा उच्चार 'ह्वॅट' होता आणि लिहितानाही 'ह' आधी यायचा. १०६६ मध्ये नॉर्मन आले, त्यांच्या वळणाच्या लेखनिकांनी पुढे अक्षरं उलटी केली, आणि आपली पोरं आजही ती उलटीच पाठ करतात.

हे वर्गात सांगायचं कारण विद्वत्ता नाही. मराठीत केव्हा–तेव्हा, कुठे–तिथे अशा जोड्या आहेत. इंग्रजीतही व्हेन–देन, व्हेअर–देअर, व्हॉट–दॅट. प्रश्नाच्या पोटातच उत्तराचा साचा. फळ्यावर दोन्ही रांगा समोरासमोर लिहिल्या की मागच्या बाकावरचा पोरगाही डोकं वर करतो. 'आपल्यासारखंच आहे की' हा धीर व्याकरणाच्या दहा नियमांना भारी पडतो.

आता अडचण. मराठीत प्रश्न करायला फार काही हलवावं लागत नाही. 'तो नाशिकला राहतो.' 'तो कुठे राहतो?' नाशिक उचललं, तिथेच 'कुठे' ठेवलं. झाला प्रश्न. इंग्रजीत 'कुठे' जागेवर बसून राहत नाही. वाक्याच्या तोंडाशी येऊन उभा राहतो. मुलं तेवढं करतात, पण बाकीचं वाक्य जसंच्या तसं ठेवतात, म्हणून 'व्हेअर यू लिव्ह'. त्यात मराठीला 'आहे'ची गरज पडेलच असं नाही. 'नाव काय तुझं?', 'हे काय?', 'बस कितीची?' या तिन्ही वाक्यांत क्रियापद नाही आणि कुणाचं काही अडलं नाही. मग 'व्हॉट युवर नेम?' म्हणणाऱ्या पोराने नेमका काय गुन्हा केला?

आणि एक 'का' आहे, जो दोन पदांवर काम करतो. 'तू आलास का?' म्हणजे हो किंवा नाही सांग. 'तू का आलास?' म्हणजे कारण सांग. तोच शब्द, जागा बदलली की काम बदललं. त्यामुळे 'का' म्हणजे 'व्हाय' एवढंच पाठ केलेली मुलं 'यू केम व्हाय?' असा प्रश्न करतात, आणि त्यांना म्हणायचं असतं फक्त 'आलास का?' इंग्रजीने शेपटीचा 'का' ठेवलेलाच नाही. त्याचं काम ती क्रियापदाची जागा बदलून करते.

इथे येतो 'डू'. इंग्रजी शिकणाऱ्याला हा शब्द भुतासारखा वाटतो: विधानात कुठेच नसतो, प्रश्न म्हटला की उभा. खुद्द इंग्रजांकडेही तो कायम नव्हता. शेक्सपिअर १६१६ साली वारला. त्याच्या काळात क्रियापदच पुढे आणून, 'गेलास कुठे तू?' अशा घडणीने विचारायची रीत अजून चालू होती, आणि शेजारी 'डू' घातलेली रीतही. स्वीडिश अभ्यासक अल्वार एलेगॉर्डने १९५३ साली जुने ग्रंथ चाळून या 'डू'चा चढता आलेख काढला. सोळाव्या शतकात तो झपाट्याने पसरतो. म्हणजे आपली मुलं जिथे अडखळतात, तिथे खुद्द इंग्रजीलाही बसायला शंभर-दोनशे वर्षं लागली.

हे समजावण्याचा माझा एक प्रयोग होता. पाच-सहा मुलांना चिठ्ठ्या द्यायच्या आणि फळ्यासमोर ओळीत उभं करायचं. एकाच्या हातात 'ही', दुसऱ्याच्या 'सेल', 'सेल'च्या खांद्याला चिकटून एक मुलगी, तिच्या चिठ्ठीवर फक्त 'स'. मग 'टोमॅटोज', मग 'इन पिंपळगाव'. वाक्य झालं: ही सेल्स टोमॅटोज इन पिंपळगाव. आता 'इन पिंपळगाव'वाल्याला खाली बसवायचं आणि त्याच्या जागी 'व्हेअर'वाला. 'व्हेअर' चालत पहिल्या जागेवर जातो. तो एकटा जाऊ शकत नाही, त्याला सोबत लागते, म्हणून दाराआड उभा केलेला 'डू' आत येतो आणि त्याच्याशेजारी उभा राहतो. पण 'डू'कडे काळ नाही, पुरुष नाही, काहीच नाही. तो सगळा कारभार त्या 'स'वाल्या मुलीकडे. ती 'सेल'चा खांदा सोडते, चार पावलं चालते आणि 'डू'ला जाऊन चिकटते. 'डू'चा 'डझ' होतो. 'सेल' एकटा, उघडा, मूळ रूपात उरतो. व्हेअर डझ ही सेल टोमॅटोज?

ती मुलगी चालते ना, तेवढ्या चार पावलांत धडा संपतो. पुढे कुणी 'डझ ही सेल्स' म्हणालं की वर्ग ओरडतो, "सर, 'स' दोन झाले!" भूतकाळालाही तेच. 'सोल्ड'मध्ये 'सेल' आणि 'डिड' एकमेकांत विरघळलेले आहेत. प्रश्न करताना वेगळे काढायचे: डिड पुढे, सेल मागे. 'डिड यू वेंट' चुकतं कारण भूतकाळाची मजुरी दोनदा दिली. हे वाक्य मी वर्गात शब्दशः असंच सांगायचो. मजुरीचा हिशेब इथल्या मुलांना चांगला कळतो.

मग खोडी काढायची. 'ही'ला खाली बसवून त्याच्या जागी 'हू' उभा करायचा. 'डू' सवयीने आत यायला निघतो. त्याला थांबवायचं. 'हू' आधीच पहिल्या जागेवर आहे, कुणाला कुठे जायचंच नाही, मग सोबत कशाला? हू सेल्स टोमॅटोज? 'स' जागची हलत नाही. कर्त्याबद्दलच विचारायचं असेल तर 'डू'ला सुट्टी. व्हॉट हॅपन्ड, हू केम, हू टोल्ड यू: हे प्रश्न मराठीच्या सर्वांत जवळचे, आणि पाठ्यपुस्तकी क्रमात मुलांना ते सर्वांत उशिरा भेटतात. पुस्तक माझ्या हातात असतं तर मी इथूनच सुरुवात केली असती.

आता 'किती'. या एका शब्दावर वेगळा तास घ्यावा. किती क्रेट? हाऊ मेनी. किती पाणी? हाऊ मच. किती लांब? हाऊ फार. किती वेळ? हाऊ लाँग. किती वेळा? हाऊ ऑफन. किती वर्षांचा? हाऊ ओल्ड. आणि किती वाजले, तर 'हाऊ' गायबच, 'व्हॉट टाइम'. मराठीची एक किल्ली जिथे सात कुलुपं उघडते, तिथे इंग्रजी सात किल्ल्यांचा जुडगा हातात देते. त्यात आपल्या तालुक्याची खास फजिती कांद्याची. शेतकरी विचारतो, "औंदा किती कांदा?" एकवचन, न मोजता येणारा, चाळीत भरलेला ढीग. भाजीला विचारतो, "किती कांदे चिरू?" अनेकवचन, मोजून चार. हा भेद मराठी मनात पक्का आहे. म्हणून पोरगं ट्रकभर कांद्याला 'हाऊ मच ओनियन' म्हणतं. इंग्रज मात्र ट्रकभर असोत का टोपलीभर, 'ओनियन्स'च म्हणणार. त्याने कांद्याचा ढीग ढीग म्हणून पाहिलाच नाही, त्याला आपण काय करणार!

उलट, इंग्रजी कुठे कमी पडते तेही मुलांना सांगावं, त्यांना आवडतं. 'तू घरातला कितवा?' हा प्रश्न इंग्रजीत सरळ विचारताच येत नाही. 'कितवा'ला तिच्याकडे एक शब्द नाही. वळसे घ्यावे लागतात. 'लग्नाला कोण कोण आलं होतं?' यातला दुसरा 'कोण' तिच्याकडे नाही. आपण भारतीयांनी तो 'हू ऑल केम?' असा शिवून दिला, आणि निदान नाशिकपासून मद्रासपर्यंत तो बिनबोभाट चालतो. साहेबाला खटकत असेल, खटको.

बाजारातल्या प्रश्नाकडे परत जाऊ. 'काय भाव गेला?' शब्दाला शब्द ठेवला तर 'व्हॉट रेट वेंट?' वर्गात एकाने असंच केलं होतं आणि सगळे हसले होते. मी नाही हसलो, कारण तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून आपण इंग्रजीकडे याच वाटेने चाललो आहोत. मराठी वाक्य घ्यायचं आणि त्यावर इंग्रजी शब्दांची चळत लावायची. ती पाठमाला आपल्या जागी मोठीच होती, तिने पिढ्या घडवल्या. पण प्रश्नाला भाषांतर पुरत नाही. इंग्रजीत हा प्रश्न 'हाऊ मच डिड इट सेल फॉर?' असा होतो. त्यातला 'फॉर' वाक्याच्या टोकाला एकटाच लोंबतो. मराठीत 'कितीला', 'कुणाबरोबर', 'कशासाठी' असं शेपूट शब्दालाच शिवलेलं असतं. इंग्रजी ते तोडून शेवटी टाकते. म्हणून 'हू डिड यू गो विथ?' मधला 'विथ' मुलं हमखास विसरतात.

विचारण्याइतकंच उत्तर देणंही शिकवावं लागतं, आणि आपण ते चुकीचं शिकवतो. 'पूर्ण वाक्यात उत्तर लिहा' या सूचनेने बरंच नुकसान केलं आहे. "व्हेअर डू यू लिव्ह?" "इन पिंपळगाव." पुरे. कुणी 'आय लिव्ह इन पिंपळगाव' असं दर वेळी म्हणू लागला तर तो पोलिसांत जबानी देतोय असं वाटेल. दुसरा खड्डा नकाराचा. "जेवला नाहीस का?" आपण म्हणतो, "हो, नाही जेवलो." आपला 'हो' समोरच्याच्या अंदाजाला. इंग्रजीत 'नो, आय हॅवन्ट' म्हणावं लागतं. तिथला 'नो' वस्तुस्थितीला. मराठी माणसाच्या भल्या 'येस'मुळे परदेशातल्या किती फोनवर गोंधळ झाला असेल, देव जाणे.

ऐकण्याचा भाग तर पुस्तकात जवळजवळ नसतोच. एकदा द्राक्षाच्या हंगामात ओळखीच्या एका बागेत होतो. युरोपातल्या खरेदीदाराचा माणूस आला होता. घड हातात घेऊन, मणी न्याहाळत तो म्हणाला, "व्हेन डिड यू लास्ट स्प्रे?" बोलताना ते 'व्हेंडिजूलास्प्रे' असं एकाच घासात आलं. बागाईतदार, बीएस्सी झालेला माणूस, हसून म्हणाला, "येस सर. स्प्रे ओके." त्याने 'स्प्रे' ऐकला होता, 'व्हेन' त्याच्या कानावरून निसटला. शेवटचा जोरदार शब्द पकडायचा आणि बाकीचं अंदाजाने भरायचं, ही आपली ऐकण्याची रीत, कारण मराठीत प्रश्नाचा शब्द बहुधा क्रियापदाजवळ, वाक्याच्या शेवटाकडे असतो. इंग्रजीत सगळं पहिल्याच अक्षरात असतं आणि तिथेच आपला कान अजून उघडत असतो.

आणि तो प्रश्न हवापाण्याचा नव्हता. शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या अपेडाने २००६ साली द्राक्ष निर्यातीसाठी ग्रेपनेट सुरू केलं: बाग कोणती, फवारणी कशाची, कधी, किती, काढणी केव्हा. क-शब्दांचं रजिस्टरच म्हणा ना. २०१० साली क्लोरमेक्वाट या फवारणीच्या रसायनाचे अंश सापडले म्हणून भारतातून गेलेली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा 'कधी फवारलं' आणि 'काय फवारलं' या दोन प्रश्नांची किंमत इथल्या घराघरांत कळली. त्या बागेत त्या दिवशी काही बिघडलं नाही. बागाईतदाराच्या बायकोने आतून फवारणीची वही आणली, तारखेवर बोट ठेवलं. पाहुण्याने मान हलवली.

त्यानंतर वर्गात मी एक खेळ सुरू केला. मी फक्त प्रश्नाचा पहिला शब्द म्हणायचा, पुढचं तोंडातल्या तोंडात पुटपुटायचं. मुलांनी उत्तर द्यायचं नाही, उत्तराची जात सांगायची: जागा, वेळ, माणूस, कारण, आकडा. 'व्हेअर' आणि 'व्हेन' यांत आठवड्याभर घोळ व्हायचा. मग बसायचं.

आता ते उरलेलं अर्धं. मायकेल लाँग आणि चार्लीन सातो यांनी १९८३ साली इंग्रजीच्या वर्गांतले प्रश्न तपासले. शिक्षक जे विचारतात, त्यांतल्या बहुतेकांचं उत्तर त्यांना आधीच ठाऊक असतं. 'हा रंग कोणता?' वर्गाबाहेर असं कुणी कुणाला विचारत नाही. स्टँडवरचा तो म्हातारा 'शेती किती?' विचारतो कारण त्याला खरंच माहीत नसतं आणि जाणून घ्यायचं असतं. वर्गात मूल वर्षानुवर्षं पाहतं की प्रश्न म्हणजे उत्तर माहीत असलेल्याने, माहीत नसलेल्याला पकडायला टाकलेलं जाळं. मग ते जाळं त्याने स्वतः कशाला विणावं? परीक्षेतही 'अधोरेखित भाग उत्तर म्हणून येईल असा प्रश्न तयार करा' असं असतं. रचना तपासायला ठीक आहे. पण उत्तर हातात असताना प्रश्न करणं म्हणजे पोचलेल्या गावाचं तिकीट काढणं.

मेरी बड रो या अमेरिकन बाईंनी सत्तरच्या दशकात घड्याळ लावून पाहिलं होतं. प्रश्न टाकल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभर थांबतात, मग स्वतःच बोलतात किंवा दुसऱ्याकडे वळतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात, आणि मुलं स्वतःहून प्रश्न विचारू लागतात. मी हे वाचून वर्गात मनातल्या मनात तीन आकडे मोजून पाहिले. तीन सेकंद किती मोठे असतात ते फळ्यासमोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

दक्षिण भारतात एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात साध्या शाळांत एक प्रयोग केला, तो बंगलोर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. त्यांनी व्याकरण समोरून शिकवणं बाजूला ठेवलं आणि मुलांना सोडवायला कामं दिली: नकाशा, रेल्वेचं वेळापत्रक. एकाकडे माहिती आहे, दुसऱ्याकडे नाही, ही फट भरण्यासाठी भाषा वापरायची. आपल्याकडे पिंपळगावात रेल्वे नाही, पण एसटी आहे. मी स्टँडवरच्या गाड्यांच्या वेळा कागदावर उतरवून घेतल्या आणि कागद मधोमध फाडला. एका बाकाला नाशिक आणि वणीकडच्या गाड्या, दुसऱ्या बाकाला चांदवड आणि मालेगावकडच्या. एकमेकांचा कागद बघायचा नाही, विचारायचं. व्हॉट टाइम डझ द फर्स्ट बस लीव्ह? पहिल्या दिवशी निम्म्यांनी मराठीत विचारून काम उरकलं. दुसऱ्या दिवशी मी बाजारभावाच्या पट्ट्या आणल्या, किमान-कमाल भाव झाकलेले. त्या दिवशी मात्र मागचे बाकही बोलले, कारण त्यांतल्या दोघांच्या घरचा टोमॅटो त्याच दिवशी लिलावाला होता आणि त्यांना आकडा खरोखर हवा होता.

त्याच वर्षीची गोष्ट. मी चार दिवस रजेवर होतो. परत आलो तर तिसऱ्या बाकावरची मुलगी, एकेकाळची माझी 'स', उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं, तास सुरूही झाला नव्हता.

"सर, व्हाय यू वेअर नॉट केम?"

एका वाक्यात तीन चुका होत्या. हातात खडू होता, फळा मागेच होता. मी खडू टेबलावर ठेवला आणि सांगितलं, माय मदर इज इन द हॉस्पिटल.

ती क्षणभर थांबली. तीन सेकंद असतील. मग हळू आवाजात म्हणाली, "व्हॉट हॅपन्ड टू हर?"